देहकान आणि देशपांडे

एखाद्या प्रांताचा इतिहास लिहावयाचा तर तो कोणाच्या तोंडून ऐकावा, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. राजधानीत बसून लिहिलेल्या तवारिखा हाताशी असतात. अमुक साली अमुक सुभेदार नेमला, अमुक साली बंड मोडले, एवढे त्यांत सापडले की आपले समाधान होते. प्रांत म्हणजे जणू बादशहाच्या स्वारीच्या वाटेवरचा एक मुक्काम! स्वारी आली की त्याचे नाव ग्रंथात येते, स्वारी गेली की तो पुन्हा अंधारात जातो. वर्धा, पैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या कुशीत वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्याची गत आजवर अशीच होत आली आहे. हैदराबादेच्या शालीबंड्यापासून काचीगुड्यापर्यंत ज्या जुन्या मराठी घरांची मुळे त्या मुलखात आहेत, त्यांच्यापुढे या संबंधाने दोन शब्द मांडावेत असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी प्रथम जरा दूर, म्हणजे इराणच्या पूर्व सरहद्दीवर जावे लागेल. वाचकांनी एवढी वाट सोबतीने चालावी, ही विनंती.

सासानी घराण्याने इराणवर इसवी सन २२४ पासून ६५१ पर्यंत राज्य केले. आपल्याकडे गुप्त आणि वाकाटक, पुढे बदामीचे चालुक्य राज्य करीत होते, तो हा काळ. या साम्राज्याला ते लोक ‘एरानशहर’ म्हणत. आपण ‘शहर’ म्हणजे नगर समजतो. त्यांच्या भाषेत ‘शहर’ म्हणजे राज्य, मुलूख. सरहद्दीचा अधिकारी तो ‘मर्जबान’. मुंबईत १८२२ साली ‘मुंबई समाचार’ काढणाऱ्या फर्दुनजी मर्जबान यांच्या आडनावात हा जुना हुद्दा अजून जिवंत आहे. साम्राज्याचा पूर्व भाग तो खोरासान. मर्व, नैशापूर, तूस ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. पलीकडे तुर्क आणि हूण. म्हणजे हा प्रांत कायमचा सरहद्दीवरचा.

पहिला खुश्रू, ज्याला आपल्या उर्दू-फारसी शिकलेल्या वडीलधाऱ्यांनी ‘नौशेरवाने आदिल’ म्हणून ओळखले, त्याने (५३१ ते ५७९) राज्याचे चार भाग करून प्रत्येकावर एक सेनापती नेमला, असे जुने ग्रंथ सांगत. पुष्कळ विद्वानांना हे खरे वाटेना. ग्रंथ मागाहून लिहिलेले, ग्रंथकारांनी राजाची थोरवी वाढविण्यासाठी रचलेली ही कथा असावी, असे ते म्हणत. अखेर २००१ साली रिका गिझेलेन या विदुषीने त्या सेनापतींच्या मातीवर उमटलेल्या मोहरा प्रसिद्ध केल्या आणि वाद बहुतांशी मिटला. तवारिखांनी जे सिद्ध झाले नाही, ते कागद बांधताना लावलेल्या मातीच्या गोळ्यांनी सिद्ध केले. प्रांताचा इतिहास कोठे सापडतो, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा जमिनीच्या मोजणीचा. खुश्रूच्या बापाने, कवाधने, मोजणीला आरंभ केला. तोवर सरकारचा वाटा पिकातून घेतला जाई. आपल्याकडे ज्याला बटाई म्हणत तोच प्रकार. सरकारी माणूस येऊन वाटा ठरवीपर्यंत पिकाला हात लावण्याची सोय नव्हती. एक बाई आपल्या पोराला झाडाचे फळ तोडू देईना, कारण राजाचा वाटा अजून ठरला नव्हता. ते पाहून कवाधला ही पद्धत बदलावीशी वाटली, अशी गोष्ट सांगतात. पुढे खुश्रूने ठराव बांधला. तबरीने तो नोंदविला आहे: गहू किंवा सातू पिकविणाऱ्या दर जरीब जमिनीला एक दिरहम, द्राक्षाच्या जरिबेला आठ. वसुली तीन हप्त्यांनी. या ठरावाची एक नक्कल प्रांतोप्रांतीच्या न्यायाधीशांकडेही ठेवविली, की वसुलीदाराने जास्त घेऊ नये. कागद राजधानीत असला तर राजाच्या कामाचा. तोच प्रांतात असला तर रयतेच्याही कामाचा. ही गोष्ट सहाव्या शतकात एका राजाला कळली होती, एवढे आपण लक्षात ठेवू.

ही वसुली गावोगाव करणारा जो वर्ग पुढे आला, त्याचे नाव देहकान. ‘देह’ म्हणजे गाव. जुन्या दप्तरांतील देहझाड्यातला ‘देह’ हाच. देहकान म्हणजे गावचा वतनदार, जमीनदार, हिशेबाचा जाणता. ६५१ साली शेवटचा सासानी राजा यज्दगर्द पळत पळत मर्वला आला. तेथील मर्जबान माहोये त्याच्यावर उलटला आणि मर्वजवळ एका गिरणीत राजाचा अंत झाला. साम्राज्य बुडाले, पण देहकान बुडाले नाहीत. त्यांनी अरबांशी करार केले, ठरलेली रक्कम देऊ केली आणि वसुली आपल्या हाती ठेविली. खोरासानातले दप्तरही पुढे नव्वद वर्षे, इसवी सन ७४२ च्या सुमारापर्यंत, जुन्या भाषेतच चालले. अरबी तेथे मागाहून आली. धर्म बदलला, बादशहा बदलला, पण गावचा हिशेब ज्याला येत होता त्याच्यावाचून कोणाचे चालले नाही.

आता यात स्वार्थ नव्हता काय? होता, आणि भरपूर होता. परंतु या वर्गाने आणखी एक काम केले. जुन्या राजांच्या, वीरांच्या, गावांच्या आणि नद्यांच्या कथा त्यांनी घरात जपल्या, सांगितल्या, लिहवून घेतल्या. तूसजवळचा एक देहकान कुळातला पुरुष त्या कथा घेऊन बसला आणि १०१० साली त्याने ‘शाहनामा’ पुरा केला. तो फिर्दौसी. फारसी भाषा आज जी काही आहे, ती राखण्यात त्याचा वाटा केवढा, हे सांगावयास नकोच.

आता आपल्या मुलखात येऊ.

आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद. विजापूरच्या आदिलशहावरून ते पडले असे सांगतात. आदिलशाहीला आपल्या बखरींत ‘इदलशाही’ म्हणत, तेव्हा ‘एदलाबाद’ हे मराठी तोंडाला साजेसेच रूप आहे. खानदेशातले मुक्ताईनगरही पूर्वी एदलाबादच होते. ‘आदिल’ म्हणजे न्यायी; नौशेरवानाची तीच पदवी. ‘आबाद’ हा शब्द तर सासान्यांच्याही काळापासूनचा. अशा रीतीने इराणातली दोन अक्षरे गोंडवनाच्या कडेला येऊन बसली.

पण नाव म्हणजे इतिहास नव्हे. या भूमीवर थर अनेक आहेत. जैनथच्या शिलालेखात परमार जगद्देवाचे नाव आहे. सिरपूर ही गोंड राजांची पहिली राजधानी, तेथून ते बल्लारपुरास आणि मग चांद्यास गेले, अशी परंपरा. वऱ्हाडची इमादशाही १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली आणि १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे दिली आहेत, त्यांत माहूर आहे, माणिकदुर्ग आहे, चांद्याच्या गोंड राजाचाही उल्लेख आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुलीखानाने जमिनीचा धारा बांधला, तो १६५२ नंतरच्या काही वर्षांत. खुश्रूने जे इराणात केले, त्याचीच ही दूरची पणती म्हणावयाची.

आणि या सर्व उलथापालथीत टिकून कोण राहिले? देशमुख आणि देशपांडे. परगण्याचा बंदोबस्त आणि वसूल देशमुखाकडे, लेखन आणि हिशेब देशपांड्याकडे. त्यांत मराठी घराणी होती तशी तेलुगूही होती. माहूरच्या देशमुखांची सावित्रीबाई ‘रायबागन’ ही औरंगजेबाने दिलेली पदवी मिरवीत १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांच्या विरुद्ध उभी होती, हे आपणांस रुचो वा न रुचो, घडलेले आहे. देहकानांप्रमाणेच या घरांनीही जो येईल त्याच्याशी करार केला. वरच्या दरबारची भाषा फारसी, गावच्या रुमालातली मोडी. १८८४ साली निजामाच्या राज्यात फारसीच्या जागी उर्दू आली, तरी घरची मोडी काही दिवस चाललीच. खोरासानचे दप्तर आठवावे!

मग ज्या गोष्टीसाठी देहकानांचे नाव आज आदराने घेतात, ती गोष्ट आपण केली काय? कथा जपल्या काय? कागद जपले काय?

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. कागद जपले खरे, पण वतन होते तोवर जपले. खटल्यात दाखवावयास लागत होते म्हणून जपले. १९४९ च्या ऑगस्टात हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या खालसा झाल्या, वतनांचेही दिवस भरले, आणि त्या दिवसापासून रुमालांची गाठ सुटली ती कायमचीच. मोडी वाचणारी पिढी गेली. वाडे विकले, बिऱ्हाडे शहरात सदनिकांत आली, माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याकडे गेल्या. ज्या कागदाने वडिलांना अन्न दिले, तो नातवंडांना धूळ वाटतो.

आदिलाबादेत हे नुकसान दुहेरी आहे, कारण या जिल्ह्याची हद्द कधी स्थिर राहिली नाही. १८७२ साली सिरपूर-तांडूर म्हणून तो आखला, १९०५ साली स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडले तेव्हा किनवट नांदेडकडे गेले. राजुरा प्रथम नांदेडात आणि १९५९ साली चांद्यात गेला. उरलेल्या जिल्ह्याचे २०१६ साली चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्यामुळे होते काय, की महाराष्ट्रात इतिहास लिहिणारा पैनगंगेपाशी थांबतो आणि तेलंगणात लिहिणाराही पैनगंगेपाशीच थांबतो. नदी मात्र दोन्ही काठांची एकच आहे. केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, तेथील माणसांकडे दोन्ही राज्यांची ओळखपत्रे असल्याचे वृत्तपत्रांनी वारंवार छापले. अशा मुलखाचा इतिहास कोणत्याही एका राजधानीच्या दप्तरखान्यात पुरा सापडणार नाही. तो घरोघर विखुरला आहे.

घरातले कागद काय करू शकतात, याचे एक उदाहरण देतो. १९९० नंतरच्या दशकात अफगाणिस्तानातून चामड्यावर लिहिलेले जुने लेख बाहेर येऊ लागले. भाषा बाख्त्री, काळ चौथ्या शतकापासून आठव्यापर्यंतचा, संख्या दीडशेच्या वर. निकोलस सिम्स-विल्यम्स यांनी ते वाचले. त्यांत आहे काय? खरेदीखते, विवाहाचे करार, कर्जे, पत्रे! एवढ्या साध्या व्यवहारांवरून खोरासानपलीकडच्या त्या मुलखावर कोणकोणाचे राज्य होते, कर कोणता होता, लोक कोणत्या देवाची शपथ घेत, हे प्रथमच त्याच काळच्या लिखाणातून कळले. तवारीख लिहिणाऱ्यांना त्या डोंगरातल्या कुटुंबांची वार्ताही नव्हती.

इतके दूर तरी कशाला? आपल्या आदिलाबादेतच नारनूर भागात गुंजाळा नावाचे खेडे आहे. तेथील लोकांकडे सुमारे डझनभर हस्तलिखिते होती. २००६ साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली, हैदराबाद विद्यापीठातल्या जयधीर तिरुमलराव यांनी त्यांचा पाठपुरावा केला, आणि गोंडीची एक स्वतंत्र लिपी जगापुढे आली. २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंहितेत तिला स्थान मिळाले. ज्यांना आपण दोनशे वर्षे ‘निरक्षर’ म्हणत आलो, त्यांनी आपले कागद राखले. आणि ज्यांचा धंदाच लेखणीचा, त्यांच्या पेट्या रिकाम्या! याची आपणांस थोडी तरी लाज वाटावयास हवी.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा, की हे सारे फारसी-उर्दूचे, परक्या अमलाचे ओझे. ते गेले ते बरेच झाले. १९४८ पूर्वीचे दिवस ज्या घरांनी सोसले त्यांच्या तोंडी हा आक्षेप आला, तर त्यामागचे दुःख मला समजते. पण दुःख खरे म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, तो फारसी शब्द जाणणाऱ्या पंडिताकडूनच. भाषाशुद्धीचा झेंडा हाती घेणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. आणि आपल्याच संस्थानातले सेतुमाधवराव पगडी (१९१० ते १९९४) पाहा. निजामाच्या मुलकी सेवेत राहून त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले, गोंडीचे व्याकरण केले, आणि मोगलांच्या फारसी कागदांतून मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध मराठी वाचकापुढे उभे केले. त्यांनी फारसीचा तिटकारा धरला असता तर आपणच अधिक दरिद्री झालो असतो. शत्रूची भाषा का असेना, तीत आपली साक्ष असेल तर ती वाचलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. पण मला तोच खरा वाटतो. कागद उघडले तर त्यांतून आपल्या घराण्याचे वैभवच निघेल असे नाही. कोणाची जमीन कोणाच्या नावे कशी चढली, हेही निघेल. आदिलाबादेत गोंडांची जमीन बाहेरून आलेल्यांच्या हाती गेली, त्यांत मराठी होते, तेलुगूही होते. १९४० साली कोमरम भीम जोडेघाटच्या डोंगरात पडला, तो जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठीच. त्यानंतर हैमेनडॉर्फ यांनी १९४१ पासून त्या भागात राहून ही कहाणी लिहिली, आणि १९४३ साली मार्लवाईस गोंडांसाठी शिक्षणाची योजना निघाली. तेथील गोंडी वाचनपुस्तके नागरीत छापली होती. गोंडांचे भाट जे परधान, त्यांची घरची बोली त्या भागात मराठीच. गोंड राजांच्या कथा ते गोंडीत गातात आणि घरी मराठी बोलतात. म्हणजे आपली भाषा त्या डोंगरात वतनदाराच्या सनदेत आहे, तशीच भाटाच्या चुलीपाशीही आहे. मग आपल्या पेटीतल्या कागदात त्या दुसऱ्या घराची साक्ष असेल, तर ती दडविण्याचा आपल्याला काय अधिकार? खुश्रूने ठरावाची नक्कल न्यायाधीशाकडे ठेवविली ती याच कारणाने. इतिहास केवळ आपल्या कौतुकासाठी उघडावयाचा असेल, तर तो बंदच राहिलेला बरा.

देहकानही काही साधू नव्हते. त्यांच्या वसुलीखाली कुणबी भरडला जात होता, आणि मज्दकाच्या अनुयायांनी त्याच शतकात मोठ्यांच्या कोठारांवर हात टाकला होता. तरीही त्यांनी राखलेल्या आठवणींवर पुढची सारी पिढी उभी राहिली. आपल्या वडिलांचे दोष झाकण्यासाठी त्यांचे कागद जाळणे, यासारखी कृतघ्नता नाही. आणि केवळ गुण दाखविण्यासाठी निवडक कागद चौकटीत लावणे, हीही तिचीच बहीण.

तेव्हा करावे काय? फार मोठे काही नाही. रुमाल असेल तर तो सोडून कागद अस्ताव्यस्त करू नयेत. बांधणीचा क्रमही बोलत असतो. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करू नये. कोणत्या गावाहून, कोणत्या वाड्यातून, कोणाच्या हातून आला, हे एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे. घरात तरुण मुले असतील त्यांच्याकडून प्रत्येक कागदाची छायाचित्रे काढवावीत. हल्ली त्याला खर्च पडत नाही. मोडी जाणणारा गाठावा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, धुळ्यास राजवाड्यांच्या नावाचे मंडळ आहे. आणि आपल्या हैदराबादेतच तारनाक्याला राज्याचा पुराभिलेखागार आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खन सुभ्याचे लाखावर फारसी कागद तेथे आहेत. आपल्या घरातल्या मोडी कागदाचा जोडीदार फारसी कागद कदाचित तेथेच पडला असेल. दोघांची भेट घडविणारा अभ्यासक मिळाला, तर माहूर सरकारचा आणि सिरपूरचा जो इतिहास कोणा तवारीखकाराने लिहिला नाही, तो लिहिता येईल.

आमच्यात फिर्दौसी निपजेल की नाही, हे कोणाच्या हाती नाही. पण तो निपजला तर त्याने वाचावे काय, हे मात्र आपल्या हाती आहे. दसरा-दिवाळीच्या आधी घरोघर माळे झाडले जातात आणि त्याच आठवड्यांत रद्दीवाल्याचा काटा सर्वांत जास्त भरतो. यंदा त्या काट्यावर लाल फडक्यात बांधलेले गाठोडे चढण्यापूर्वी घरच्या आजीला एकदा विचारावे, की हे कोठून आले. एवढ्याने पुष्कळ होईल.